कंपनी बंद पडली तर तुमची सायकल चालेल का?



मागच्या भागानंतर व्हॉट्सॲपवर भरपूर मेसेज आले, आणि त्यातल्या बहुतेकांचा प्रश्न एकच. "दादा, वीस-पंचवीस हजारांत ऑफिसला जायला कोणती सायकल घेऊ?" कुणी दोन मॉडेलचे स्क्रीनशॉट पाठवलेत, एकाने तर चक्क एक्सेल शीट पाठवली. (आयटीवालाच असणार.) वजन, गिअर, डिस्क ब्रेक, सस्पेन्शन, ऑफर, ईएमआय, सगळे कॉलम भरलेले. एक कॉलम मात्र कुणाकडेच नव्हता. सायकल बिघडली तर ती दुरुस्त कोण करणार, आणि तो माणूस तुमच्या घरापासून किती लांब बसतो?

आज फक्त या कॉलमबद्दल बोलायचंय.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, मी पुण्यात राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि आठवड्यातून तीन-चार दिवस कर्वेनगरहून बाणेरला सायकलने ऑफिसला जातो. पाऊस अगदीच झोडपत असला तर बस. रेसिंग वगैरे काही नाही. त्यामुळे रविवारी सकाळी सिंहगडच्या पायथ्यापर्यंत जाऊन पोहे खाऊन येणाऱ्यांना आजचं बोलणं थोडं कंटाळवाणं वाटेल. ज्यांना सोमवारी सकाळी नऊ वाजता कुठेतरी पोचायचंच असतं त्यांच्यासाठी आजचा भाग आहे.

सुरुवात एका कारखान्यापासून करू. ३ जून २०२०. जागतिक सायकल दिन असतो त्या दिवशी. आणि नेमक्या त्याच दिवशी दिल्लीजवळच्या साहिबाबादला ॲटलस सायकलच्या कारखान्यात कामगार आले तर गेटवर काम थांबवल्याची नोटीस. १९५१ साली सुरू झालेली कंपनी, आणि तिचा चालू असलेला हा शेवटचा कारखाना. तुमच्या आजोबांची किंवा बाबांची सायकल ॲटलस असण्याची बरीच शक्यता आहे.

आता इंजिनिअरसारखा विचार करा. कंपनी बंद पडली. मग दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या किती ॲटलस सायकली बंद पडल्या? एकही नाही. आजही चालतायत. कारण त्या सायकलचा टायर कुठल्याही कंपनीचा चालतो. ट्यूब, चेन, फ्रीव्हील, ब्रेकचे रबर, सीट, पॅडल, मडगार्ड, काहीही आणा, बसतं. हीरोचं ॲटलसला, ॲटलसचं एव्हनला. लुधियानात बनलेला सुटा भाग कोल्हापुरात किंवा गोंदियात कुणीही दुकानदार बसवून देतो, आणि त्याला कुठल्याही कंपनीची परवानगी लागत नाही.

याच्या उलट गोष्ट आपल्या पुण्यातली. २०१७ च्या डिसेंबरमध्ये सार्वजनिक सायकल योजना आली, विद्यापीठ आणि औंध भागापासून सुरुवात झाली. पेडल, ओफो, मोबाईक, युलू. पिवळ्या, केशरी, हिरव्या सायकली फुटपाथवर रांगेने उभ्या. तुमच्यातले जे तेव्हा कॉलेजला असतील त्यांना आठवत असेल, क्यूआर कोड स्कॅन केला की कुलूप 'टक' करून उघडायचं. मजा यायची, खोटं कशाला बोला. ओफोने तर २०१८ मध्येच भारतातून गाशा गुंडाळला आणि काही वर्षांत बाकीच्या पायाने चालवायच्या सायकलीही रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. तोडफोड झाली, चोऱ्या झाल्या, पार्किंगवरून भांडणं झाली, कंपन्यांचे पैसे आटले. कारणं बरीच आहेत. पण मला त्यातलं एक कारण कायम खुपतं. त्या सायकलला ओळखणारं कोपऱ्यावर कुणीच नव्हतं. हवा कमी झाली, चेन पडली, सीट तुटली, तर ती सायकल कंपनीचा टेम्पो येईपर्यंत तिथेच आडवी. शंभर पावलांवर पंक्चरवाला बसलेला असायचा, पण सायकल त्याची नाही, कुलूप सर्व्हरला जोडलेलं, तो कशाला हात लावेल?

माझे बाबा सांगतात, त्यांच्या लहानपणी सायकल तासावर भाड्याने मिळायची. वहीत नाव लिहायचं, वेळ लिहायची, निघायचं. ती पण बाइक शेअरिंगच होती की! फरक एवढाच, की भाड्याने देणारा माणूस आणि दुरुस्त करणारा माणूस एकच होता. संध्याकाळी सायकल परत आली की तोच चाक फिरवून बघायचा, तोच तेल घालायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्याने प्रॉडक्शनला टाकलं त्याच्याकडेच ऑन-कॉल होता. आणि तो ऑन-कॉलवाला कोपऱ्यावरच बसायचा.

तर हे कोपऱ्यावरचे लोक. आमच्या भागात एक काका आहेत, दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं. वर टायर टांगलेले, खाली पाण्याचं घमेलं, कानस, पाने, सोल्यूशनच्या ट्यूबा, आणि पत्र्याच्या डब्यांत आकाराप्रमाणे वेगवेगळे ठेवलेले छर्रे. माझी सायकल त्यांच्याकडे असते म्हणून शनिवारी मी तिथे बऱ्याचदा बसतो. एकदा सहज मोजत बसलो, कोण कोण येतं. चेन अडकलेली शाळेतली मुलगी. पेपर टाकणारा पोरगा. इस्त्रीचे कपडे पोचवणारा. बांधकामावरचे दोघं, डबल सीट आले, मागच्या चाकाच्या तारा तुटलेल्या. रात्रपाळी संपवून घरी निघालेले वॉचमन. दोन तासांत गिअरच्या सायकलवाला मी एकटाच.

आपण 'सायकलिस्ट' म्हटलं की हेल्मेट आणि स्मार्टवॉच डोळ्यांसमोर आणतो. पण २०११ च्या जनगणनेत देशातल्या साधारण ४५ टक्के घरांत सायकल होती. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हाच आकडा साधारण निम्म्या घरांवर गेला. ही घरं स्ट्राव्हावर नाहीत. यांच्यासाठी सायकल म्हणजे वाचलेलं बसभाडं.

आमच्या सोसायटीतले रात्रपाळीचे वॉचमन शिवण्याहून येतात. सकाळी आठला सुटतात. त्यांच्या वाटेवर एका झाडाखाली पंक्चरवाला बसायचा, एक लाकडी पेटी, एक पंप, एवढंच दुकान. रस्तारुंदी निघाली, अतिक्रमणाची गाडी आली, पेटी उचलली. त्यानंतर महिनाभर तो दिसलाच नाही. त्या महिन्यात वॉचमनकाकांची सायकल दोनदा पंक्चर झाली. बारा तासांची ड्युटी करून, सायकल हाताने ढकलत, उन्हात चालत घरी. रिक्षात सायकल बसत नाही आणि रिक्षाचे पैसेही बसत नाहीत. तिसऱ्या वेळेला ते सायकल घरीच ठेवून शेअर रिक्षाने यायला लागले. रोजचे जाऊन-येऊन चाळीस रुपये, महिन्याचे हजाराच्या वर. ही पगारवाढ त्यांना कुणी दिलेली नव्हती.

मी हे मुद्दाम सांगतोय, कारण सायकल ट्रॅकवर आपण भरपूर बोलतो. ट्रॅक पाहिजेच, वाद नाही. पण ट्रॅक असला आणि पंक्चरवाला नसला तर त्या ट्रॅकवरून सायकल ढकलत जायचंय.

या पेटीवाल्यांबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, त्यांनाही नसते. आपल्याकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. पथविक्रेता म्हणजे फक्त भाजी आणि वडापाव विकणारा, असं आपल्याला वाटतं. कायद्याच्या व्याख्येत रस्त्यावर, फुटपाथवर लोकांना सेवा देणारासुद्धा येतो. म्हणजे चप्पल शिवणारा येतो तसा पंक्चर काढणाराही येतो. शहराने दर पाच वर्षांत किमान एकदा सर्वेक्षण करायचं, नगर पथविक्रेता समिती असली पाहिजे, प्रमाणपत्र द्यायचं. ते सर्वेक्षण आणि प्रमाणपत्रांचं काम पूर्ण होईपर्यंत कुणाला हटवायचं नाही, आणि पुढेही हटवायचं किंवा दुसरीकडे न्यायचं झालं तर तीस दिवसांची नोटीस द्यायची, असं त्यात लिहिलंय. आता कागदावर काय आणि रस्त्यावर काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण तुमच्या कोपऱ्यावर असा कुणी बसत असेल तर निदान विचारा, सर्व्हेत नाव लागलंय का? फॉर्म भरायला, आधारचा ओटीपी टाकायला दहा मिनिटं मदत केलीत तरी पुरे. आपल्याला ते फोनवर सोपं जातं, त्यांना त्यासाठी दिवसाचा धंदा बुडवावा लागतो.

धंद्याचं गणितही जरा बघू, म्हणजे पोरं या कामात का येत नाहीत ते कळेल.

आमच्याकडे साधं पंक्चर तीस रुपयांना. काका मागचं चाक काढतच नाहीत, ती त्यांची खुबी. टायरची एकच बाजू सोडवतात, ट्यूब बाहेर ओढतात, हवा भरून घमेल्यात बुडवत बुडवत बुडबुडा कुठे येतो ते बघतात. मग पुसायचं, कानशीने घासायचं, सोल्यूशन लावायचं, वाळू द्यायचं, ठिगळ ठोकायचं, टायरमधून आतून हात फिरवून काटा किंवा काच राहिली नाही ना ते बघायचं, परत सगळं आत. नीट केलं तर वीस मिनिटं. म्हणजे तासाला तीन. आठ तास एक मिनिट रिकामं न बसता पंक्चरच काढली तर चोवीस, म्हणजे ७२० रुपये. आणि रिकामं न बसता असा दिवस कधी येत नाही. त्यातून जागेचं भाडं, सोल्यूशन, लाइट बिल.

मी त्यांना हे गणित मांडून दाखवलं तर हसले. म्हणाले, "अरे, पंक्चरवर घर चालत नाही. पंक्चरवर गिऱ्हाईक येतं. ओव्हरहॉलिंगवर घर चालतं." आणि तेच कमी होत चाललंय. लहान मुलांच्या सायकली लोक दोन वर्षांत फेकून नवीन घेतात, मोठ्यांच्या गिअरच्या सायकली शोरूमला जातात. काकांचा मुलगा स्कूटरवर डिलिव्हरी करतो. त्याला हे काम येतं, लहानपणी इथेच बसायचा. त्याला दोष द्यायचा विचार माझ्या मनात येत नाही. मी तरी कुठे वडिलांचा धंदा केला?

मग आपण काय करायचं? पहिली गोष्ट, मजुरी घासाघीस न करता द्यायची. शोरूममध्ये गिअर ट्यूनिंगचे तीनशे रुपये आपण कार्डाने गपचूप देतो, जीएसटीसकट. काका त्याच कामाचे पन्नास सांगतात, आणि तिथे आपण म्हणतो, "काका, पन्नास?" ऑनलाइन पार्ट मागवून त्यांच्याकडून बसवून घेत असाल तर पार्टवरचा त्यांचा नफा तुम्ही आधीच काढून घेतलेला असतो. मग मजुरी तरी पूर्ण द्या. मी सरळ शोरूमच्या निम्मे देतो. पहिल्यांदा ते घेईनात, आता घेतात.

बरं, सगळे कोपऱ्यावरचे लोक देव आहेत असंही मी म्हणत नाही. हातोडीने सगळं सरळ करू बघणारे असतात. आठ स्पीडची आणि दहा स्पीडची चेन वेगळ्या रुंदीची असते हे माहीत नसलेले असतात. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये भलतंच तेल गेलं तर सील खराब होतात, ते काम जाणकारानेच करायचं. वॉरंटी आहे तोवर फ्रेमचं काही असेल तर शोरूमलाच जा. पण रोजच्या वापरातलं बहुतेक काम म्हणजे पंक्चर, ब्रेक, चेन, केबल आणि चाकाचा आउट काढणं. त्यात कोपऱ्यावरच्या हाताला तोड नाही.

आउट काढताना कधी बघितलंय का? बघाच एकदा. जुन्या काळ्या सायकलला पुढे ३२ तारा असतात आणि मागे ४०. चाक एका बाजूला झुकलं की ब्रेकला घासतं. काका सायकल उलटी करतात, चाक फिरवतात, रिमजवळ खडू धरतात. जिथे खडू लागतो तिथे रिम बाहेर आलीय. मग त्या बाजूच्या तारा थोड्या सैल, समोरच्या बाजूच्या थोड्या घट्ट. पाव फेरा, अर्धा फेरा. एक तार आवळली की तिच्या आजूबाजूचाही ताण बदलतो, त्यामुळे एकदम जोर लावायचा नाही. मध्येच बोटाने तारा छेडून आवाज ऐकतात, सैल तारेचा आवाज बद्द येतो. मी कॉलेजमध्ये कंट्रोल सिस्टीम्स हा विषय पास झालोय, पण फीडबॅक म्हणजे काय ते मला तिथे खडू बघून कळलं.

आणि शिकायचं म्हटलं तर ते शिकतात. माझ्या सायकलचे गिअर त्यांनी पहिल्यांदा बघितले तेव्हा म्हणाले, "हे आपलं काम नाही." मग आम्ही दोघांनी बसून फोनवर व्हिडिओ बघितला. इंग्रजी मी सांगत होतो, हात त्यांचा. डिरेलरवर दोन बारीक स्क्रू असतात, एच आणि एल. एक म्हणजे चेनने सगळ्यात लहान चक्राच्या पलीकडे जायचं नाही, दुसरा म्हणजे सगळ्यात मोठ्याच्या पलीकडे, तारांमध्ये जायचं नाही. मधलं सगळं केबलच्या ताणावर. एवढं कळल्यावर पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. आता कॉलनीतल्या चार-पाच गिअरच्या सायकली त्यांच्याकडे येतात. व्हिडिओ मराठीत असते तर मी तिथे लागलोच नसतो. कुणाला यूट्यूब चॅनेल काढायचा असेल तर विषय फुकट देतोय, घ्या.

आता तुमची ती एक्सेल शीट. तिच्यात काय भरायचं?

पहिलं, व्हॉल्व्ह. हवा भरायच्या नळीचं तोंड. साध्या सायकलला असतो तो जुना डनलॉप व्हॉल्व्ह, आत बारीक रबरी नळी असते, ती कुजली की हवा जाते आणि बदलायला किरकोळ पैसे पडतात. रस्त्यावरचा पंप त्यालाच बसतो. दुसरा मोटारसायकलसारखा जाड, श्रेडर, त्यात गाडीच्या पंक्चरवाल्याकडेही हवा भरता येते. तिसरा बारीक, लांब, टोकाला छोटा नट असलेला प्रेस्टा, तो महागड्या सायकलला असतो. प्रेस्टा असेल तर एक छोटासा पितळी ॲडॉप्टर मिळतो, तो घेऊन किचेनला लावून ठेवा. तो नसला तर हवा भरायलाही शोरूम शोधत फिराल.

दुसरं, टायर. '२६ इंच' एवढ्यावर टायर घेऊ नका, फसाल. २६ × १-३/८ आणि २६ × १.९५ हे दोन्ही '२६' आहेत, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात दोन आकडे असतात, मध्ये आडवी रेघ. त्यातला दुसरा आकडा म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, मिलीमीटरमध्ये. पहिल्याचा ५९०, दुसऱ्याचा ५५९. जुन्या काळ्या २८ × १-१/२ सायकलचा ६३५. आणि गंमत म्हणजे ७००सी म्हणून विकतात ते आणि २९ म्हणून विकतात ते, दोन्ही ६२२. टायरच्या बाजूचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा आणि दुकानात तोच दाखवा. सायकल घ्यायच्या आधी काकांना विचारा, हा आकडा तुमच्याकडे मिळतो का, किंवा पेठेतल्या होलसेलवाल्याकडून दोन दिवसांत आणून द्याल का? "नाही" म्हणाले तर त्या मॉडेलचा पुन्हा विचार करा.

तिसरं, हँगर. मागचा डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या तुकड्याने जोडलेला असतो तो. सायकल उजव्या बाजूला पडली की आधी हा वाकतो, तो मुद्दामच मऊ केलेला असतो, म्हणजे फ्रेम वाचते. कल्पना चांगली आहे. पण प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा. २०१९ मध्ये स्रॅम कंपनीने सगळ्यांना चालेल असा एकच हँगर आणला आणि महागड्या माउंटन बाइक त्याकडे वळतायत, पण आपल्या बजेटच्या सायकलमध्ये अजून ज्याचा त्याचा. म्हणून सायकल घेतानाच दुकानदाराकडून एक जादा हँगर मागून घ्या. दोन वर्षांनी मॉडेल बंद झालं की तोच तुकडा सापडत नाही, आणि त्या एका तुकड्यापायी अख्खी सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामाला लागते.

शहरात रोज जायचं असेल आणि रस्ता फार चढाचा नसेल तर गिअर कमी असलेली सायकल घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. एकवीस गिअरमधले आपण चार वापरतो. मेकॅनिकल डिस्क किंवा साधे व्ही-ब्रेक पुरतात, केबल कुठेही मिळते. पुढचं सस्पेन्शन स्वस्त सायकलमध्ये फक्त वजन वाढवतं. हे ऐकून काही जण नाराज होतील, चालेल.

आणि चेन. ही तपासणी घरी करा, शाळेची पट्टी पुरते. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच असतो. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा, बारा इंचांवर पंचविसावी पिन यायला पाहिजे. ती दीड मिलीमीटर पुढे सरकली असेल तर चेन बदला. तीन मिलीमीटर सरकली असेल तर उशीर झालाय, बहुतेक मागची चक्रंही बदलावी लागणार. वेळेवर चेन बदलली तर चारशे-पाचशेत भागतं, नाहीतर खर्च तिपटीवर जातो.

दुकानात गेल्यावर "फुल सर्व्हिसिंग करून टाका" म्हणू नका. कुठून आवाज येतो, पॅडल मारताना येतो की नुसतं उतारावर येतो, ब्रेक दाबल्यावर थांबतो का, हे सांगा. बग रिपोर्ट लिहिता ना, तसंच. काकांचा अर्धा तास वाचतो.

शेवटी एक प्रश्न घेतो, नाशिकहून आलाय. "ई-सायकल घेऊ का, तिचीही दुरुस्ती कोपऱ्यावर होते का?" अर्धी होते. २५० वॅटपेक्षा कमी मोटर आणि ताशी पंचवीस किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल तर रजिस्ट्रेशन लागत नाही, ती कागदोपत्री सायकलच. टायर, ब्रेक, चेन काका करतील. बॅटरी, कंट्रोलर, डिस्प्ले मात्र कंपनीकडे. इथे ॲटलसवाला प्रश्न परत विचारा. ही कंपनी तीन वर्षांनी नसेल तर? बॅटरीचा खोका नेहमीच्या आकाराचा आहे की फ्रेममध्ये गाडलेला? बाजारात मिळणारा ३६ व्होल्टचा दुसरा कंट्रोलर जोडता येतो का? बॅटरी संपल्यावर नुसती पॅडलने चालवून बघा, जमतं का? केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, त्यासाठी चार क्षेत्रं निवडली. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनांची उपकरणं. त्या यादीत सायकलचं नाव वेगळं घेतलेलं नाही. सायकलला आतापर्यंत अशा पोर्टलची गरजच पडली नव्हती. ई-सायकलला पडेल, आणि लवकर पडेल. तोवर विकत घेताना दुकानदाराला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं बिलावर लिहून घ्या.

पुढच्या भागात काका माइकसमोर बसायला तयार झालेत. दुकान बंद ठेवणार नाही म्हणालेत, त्यामुळे मागून पंपाचा आवाज येईल, सांभाळून घ्या. त्यांना काही विचारायचं असेल तर शुक्रवारपर्यंत व्हॉइस नोट पाठवा. मराठीतच पाठवा, आणि एक मिनिटाच्या आत.